कारखान्याच्या गावात बिनसाखरेचा चहा

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात राहून, साखर दुकानातून विकत आणतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. माझे वडील, तात्या, साखर कारखान्याचे सभासद. सभासदाला शेअरच्या हिशेबानं सवलतीची साखर मिळते, दिवाळीला थोडी जास्त. कार्ड घ्यायचं, गोडाऊनपुढच्या रांगेत उभं राहायचं आणि मोटरसायकलच्या टाकीवर पोतं आडवं टाकून घरी यायचं. घरातलं ज्वारीचं पोतं तळाला गेलेलं मी पाहिलं आहे, साखरेचा डबा कधीच नाही. पाहुणा आला की चहा, जायला उठला की परत चहा, आणि पहिल्या घोटाला ओठ चिकटतील इतकी त्यात साखर. चहात साखर कमी पडली तर आईला वाटायचं, पाहुणा बाहेर जाऊन सांगेल, पाटलांचं काही खरं नाही आता.

गावाचा सगळा व्यवहार त्या धुराड्याभोवती फिरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटला की मळीचा आंबूस वास वाऱ्यावर यायला लागतो. बाहेरच्या माणसाला तो सोसत नाही, आम्हाला त्याशिवाय थंडी सुरू झाल्यासारखी वाटत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमाराला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पुढं त्याच वाटेनं आमच्या कृष्णाकाठानंही कारखाने काढले. शाळा त्यातून आली, कॉलेज, बँक, दूध संघ त्यातून आला. ताईचं लग्न उसाच्या बिलावर झालं आणि माझी पुण्यातली होस्टेलची फीही. अशा घरातल्या पोरीनं एक दिवस फोनवर सांगितलं की मी साखर सोडली. आई म्हणाली, "बरं." तात्या मागून म्हणाले, "तिला विचार, पगार तरी घेती का तोबी सोडला?"

कारण फार नाट्यमय नव्हतं. ऑफिसनं वार्षिक तपासणी केली, त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा सहाच्या पुढं निघाला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आजीला होता, आत्याला आहे, तात्यांच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळं आश्चर्य वाटलं नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा मोठा देशव्यापी अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास उंबरठ्यावरचे, असा अंदाज होता. मी त्या साडेतेरा कोटींतली एक. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. नुसती साखर सोडून भागणार नाही, भात-पोहे-मैदाही बघावा लागेल, चालावं लागेल, असं त्यांनी बजावलं. पण सुरुवात साखरेपासून करा म्हणाल्या, कारण ती सोडल्यानं शरीराला काही कमी पडत नाही.

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. साखरेच्या कणात अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज, बाकी काही नाही. ग्लुकोज रक्तात जातं, फ्रुक्टोजचा भार बराचसा यकृतावर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं की दिवसाच्या एकूण उष्मांकात वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा, आणि जमलं तर पाचच्या आत. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, पाच-सहा चहाचे चमचे. मध आणि फळांचा रसही त्यातच धरायचा. आमच्या घरी ही मर्यादा सकाळी आठच्या आतच ओलांडली जायची, दोन कप चहा आणि बशीतली चार बिस्किटं एवढ्यावर.

म्हणून पहिली गाठ चहाशी. घरचा चहा आपल्या हातात असतो, तिथं काही अडत नाही. अडतं ते बाहेर. पुण्यातल्या अमृततुल्यात चहा कपागणिक होत नाही. पितळी पातेल्यात पाणी, दूध, साखर, आलं, वेलची सगळं एकत्र उकळलेलं असतं आणि फडक्यातून गाळून कपात येतं. तिथं "साखर नको" म्हणणं म्हणजे शिजलेल्या भाजीतलं मीठ काढून द्या म्हणण्यासारखं. एका ठिकाणी मालकांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "मग दूध घ्या." ऑफिसातलं मशीन आणखी निगरगट्ट, त्याच्या पावडरीतच साखर मिसळलेली. शेवटी मी कोऱ्या चहावर आले. तो आधी औषधासारखा लागला, मग बरा लागला आणि आता मला चहाच्या पत्तीचे प्रकार कळतात. म्हणजे इतकी वर्षं मी साखरेचा गरम पाक पीत होते, चहा नव्हे.

आमच्या भागातली माणसं स्वतःला तिखट खाणारी समजतात. तांबडा रस्सा, कांदा-लसूण मसाला, खर्डा. गोड खाणारे ते पुण्याचे, अशी आमची ठाम समजूत. होस्टेल सोडून पहिल्यांदा डबा लावला तेव्हा आमटीत गूळ, कोशिंबिरीत साखर, पोह्यांत साखर, साबुदाण्याच्या खिचडीत साखर, कोबीच्या भाजीतसुद्धा "चवीपुरती" साखर बघून मी घरी फोन करून हसले होते. आता साखर मोजायला बसल्यावर चित्र वेगळं दिसलं. डबेवाल्या काकूंची चिमूट दिवसभरात मिळून एका चमच्याएवढीही भरत नव्हती. आमचा तिखटखाऊ दिवस मात्र चहा, रविवारची जिलेबी, जत्रेचा मेवा आणि उन्हाळ्यात रसवंतीचा ग्लास यांच्यावर उभा होता. काकूंना मी साखर घालू नका असं सांगितलंच नाही. आंबटगोड आमटीत चिंचेला गूळ लागतोच. तो काढला तर उरते ती आमटी मी खाणार नाही.

गुळाचा विषय निघालाच आहे तर तोही संपवते. साखर सोडली म्हटल्यावर दर दुसरं माणूस सांगतं, "मग गूळ खा." पुण्यात तर गुळाच्या चहाची दुकानं गल्लोगल्ली निघाली आहेत, पाटीवर आरोग्यदायी असं लिहून. मी गुऱ्हाळाशेजारी वाढले आहे. चुलवाणात चिपाडं ढकलणारा माणूस, काहिलीत फुगून वर येणारा रस, रानभेंडीच्या चिकानं वर आलेली मळी झाऱ्यानं काढून टाकणं, पाक आला की नाही ते बोटावर तार धरून सांगणारा गुळव्या आणि ओतून घट्ट होत आलेल्या गरम गुळाचा पानावर मिळणारा गोळा, यातलं सगळं मला प्रिय आहे. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा जिल्हा शेजारचा असूनही आम्हाला आनंद झाला होता. पण गूळ हा उसाचा आटवलेला रस आहे. त्यात थोडं लोह, थोडी खनिजं, थोडा ओलावा; बाकी ऐंशी टक्क्यांहून जास्त साखरच. रक्तातल्या ग्लुकोजला ती ढेपेतून आली की पोत्यातून, याचं काही देणंघेणं नसतं. शिवाय शहरातल्या गिऱ्हाइकाला गूळ पिवळाधमक लागतो आणि तो तसा निघावा म्हणून कित्येक गुऱ्हाळांवर हायड्रॉस नावाची पावडर टाकतात. काळपट गूळ चांगला, हे सांगून सांगून तात्या थकले. गुळाचा चहा मी चवीसाठी कधीतरी पिते, तोही गॅस बंद केल्यावर गूळ घालून, नाहीतर दूध फाटतं. औषध म्हणून नाही.

खरी अडचण माणसांची झाली. जिभेची सवय काही आठवड्यांत मोडते. पहिल्या दिवसांत डोकं दुखलं, चारच्या सुमाराला चिडचिड व्हायची आणि शेजारच्या टेबलवरच्या मुलीनं वडीचा डबा उघडला की तिचा राग यायचा. मग ते ओसरलं. कांदा परतला की गोड लागतो, ज्वारीची भाकरी जास्त वेळ चावली की गोड लागते, असल्या गोष्टी कळायला लागल्या. लोक यावर खूप लिहितात, मी नाही लिहीत. पण "नको" म्हणायची कला मला अजून नीट आलेली नाही.

आपल्याकडं गोड ही खायची वस्तू कमी आणि द्यायची जास्त. निकाल लागला, पेढा. पोरगी बघून पसंत पडली, साखरपुडा. संक्रांतीला तिळगूळ, गुढीला साखरेच्या गाठी, नवीन गाडीला नारळ आणि पेढे. वाटणारा जे देतो त्यात त्याचा आनंद असतो आणि तो घेणं हे आपलं काम. तिथं हात मागं घेतला की त्याचा चेहरा पडतो. मग प्रश्न येतो, "शुगर निघाली का?" हो म्हटलं तर लगेच मोकळीक मिळते. वर सहानुभूती, मेथीचे दाणे भिजवून खायचा सल्ला आणि कुणाच्या तरी काकांची गोष्टही. पण "नाही, निघू नये म्हणून सोडली" असं म्हटलं की वातावरण बदलतं. आजारी माणसाला नकाराचा हक्क असतो, धडधाकट माणसानं नकार दिला की तो नखरा. "अगं, एका पेढ्यानं काय होतंय?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण खरंच एका पेढ्यानं काही होत नाही. फक्त आठवड्यात तो एकच पेढा कधी नसतो. ऑफिसातल्या कुणाचा तरी वाढदिवस, कुणाची तरी बदली, कुणाकडं तरी बारसं.

गावात हे जास्त अवघड. आत्याकडं गेले होते. आत्याला स्वतःला मधुमेह. तिनं माझ्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या, सकाळपासून पुरण शिजवून, वाटून. मी अर्धी खाल्ली. तिनं ताटाकडं बघितलं, काही बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी आईला फोन करून विचारलं, "पोरगी रुसलीया का माझ्यावर?" त्यानंतर मी माझ्यापुरता एक नियम करून टाकला. कुणी स्वतःच्या हातानं रांधलेलं गोड आणि देवाचा प्रसाद, दोन्ही खायचं. सत्यनारायणाचा शिरा, रवा-तूप-साखर सगळं सव्वाच्या मापानं घातलेला, मुठीएवढा पुढ्यात आला की खाते. दुकानातून आलेलं खोकं मात्र पुढं सरकवते. आहारतज्ज्ञांना हा नियम पटणार नाही. दिवसातून दोनदाच खा सांगणारे दीक्षित की दर दोन तासांनी थोडं खा सांगणाऱ्या दिवेकर या वादात ज्यांची घरं फुटता फुटता राहिली त्यांना तर अजिबात नाही. पण आत्यानं परत आईला फोन केलेला नाही.

पाकिटांचं प्रकरण तुलनेनं सोपं आहे, मात्र चष्मा लागतो. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत साखर नेहमी स्वतःच्या नावानंच येते असं नाही. इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज अशी पाहुण्यांच्या नावानं ती आत शिरते. टोमॅटो सॉसमध्ये, पावात, मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीत, "पाचक" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांत. सीबीएसईनं 2025 मध्ये शाळांना कशात किती साखर असते ते सांगणारे फलक लावायला सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. आमच्या शाळेत असा फलक लागला असता तर मुख्याध्यापकांना कारखान्यात बोलावणं आलं असतं, असंही मनात आलं. साखरेऐवजी गोळ्या टाकायचा मार्ग मी घेतला नाही. वजन आटोक्यात ठेवायला अशा गोळ्या वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच 2023 मध्ये म्हटलं आहे, आणि शिवाय मला गोडाची ओढच कमी करायची होती, ती तशीच ठेवून तिची फसवणूक करायची नव्हती.

थंडीत गावी गेले की आमच्या रानात तोड चालू असते. बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशीच मोजणी. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. एक दिवस काम बुडलं तर खाड्याचे पैसे कापतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या 2019 मध्ये आल्या, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पाहणी झालेल्या 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, हे त्यामागच्या कारणांतलं एक. ही माहिती वाचली तेव्हा मी अजून साखर खात होते आणि नंतरही बराच काळ खात राहिले, तेव्हा त्यांच्यासाठी मी साखर सोडली असं म्हणायला मला तोंड नाही.

त्यांच्या कोपीपुढं पहाटे तीन-चारला चूल पेटते. दूध नसतं. पाणी, पत्ती आणि मूठभर साखर, एवढाच चहा. त्यावर दुपारपर्यंत वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. तो चहा मला एकदा एका बाईनं दिला. मी नेहमीच्या सवयीनं "साखर नको" म्हणणार होते, पण पातेलं आधीच उकळलं होतं. तिला मी सांगितलं की आमच्याकडं आता पुष्कळ लोक साखर सोडतात. ती म्हणाली, "मग जोर कुठनं येतो?" मला वाटतं हा प्रश्न बरोबर आहे. तिच्यासाठी ती साखर म्हणजे सगळ्यात स्वस्त मिळणारा जोर, आणि तो ती दिवस मावळायच्या आत जाळून टाकते. दिवसभर खुर्चीत बसून मी तोच जोर कमरेभोवती साठवत होते. साखर सोडणं हा बसून काम करणाऱ्यांचा कार्यक्रम आहे, हे मान्य करायला हवं. सोडायलाही घरात दुसरं काहीतरी खायला असावं लागतं.

उरले तात्या. माझ्या निर्णयाची त्यांनी चेष्टा केली, पण एकदा ते गंभीरपणे वही घेऊन बसले. देशात माणशी वर्षाला साधारण वीस किलो साखर लागते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. आमच्या पट्ट्यात उतारा बाराच्या आसपास, म्हणजे टनाला 120 किलो साखर. तेव्हा माझ्या वाटच्या वीस किलोंना लागतो पावणेदोनशे किलोच्या आत ऊस, चार-पाच मोळ्या. 2024-25 च्या हंगामात एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, होती 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 340 रुपये. "म्हंजे तू आमच्या बिलातनं पाच-सहाशे रुपये उडवलंस," ते म्हणाले. मी म्हटलं, निम्म्याहून जास्त साखर घरात लागतच नाही, ती शीतपेयांत, मिठाईत आणि बिस्किटांत जाते, तिथं माझ्या चार मोळ्यांना कोण विचारतं. त्यांना ते पटलं. त्यांचा खरा राग दुसरीकडंच होता. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 पासून किलोला 31 रुपयांवर बसलेला, एफआरपी मात्र जवळजवळ दर वर्षी वर जाणारी. मधल्या फरकात कारखाना अडकतो आणि चौदा दिवसांत मिळायचं बिल लांबतं. त्यातून सुटायला इथेनॉलची वाट निघाली, तर डिसेंबर 2023 मध्ये सरकारनं रसापासून इथेनॉल करायलाच बंदी घातली. पुढच्या हंगामासाठी ती उठवली, पण तात्या अजून ती विसरलेले नाहीत.

"टनाला सत्तर लिटर निघतंय," त्यांनी वहीत लिहिलं. मग माझ्या मोळ्यांचे अकरा-बारा लिटर काढले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के मिसळतात, त्या हिशेबानं गुणाकार केला आणि माझ्या स्कूटरचं अॅव्हरेज विचारलं. मी पंचेचाळीस सांगितलं. बराच वेळ आकडेमोड करून ते म्हणाले की मी साखर न खाल्ल्यामुळं वाचलेल्या उसावर माझी गाडी इथून पुण्याला सहा-सात वेळा जाऊन परत येईल, म्हणजे उगाच कारणं सांगू नकोस, दीड-दोन महिन्यांनी येत जा. आई आतून म्हणाली, स्कूटरवरून एवढ्या लांब येऊ नको, एसटीनं ये.

जुलैत त्यांनी पाटाकडच्या तुकड्यात उसाची आडसाली लावण केली. बेणं 86032 या जातीचंच आणलं होतं.